खंडेनवमीला होडीत राहणारी सुरी

आमच्या गावात समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला किनारा पथक उभं राहिलं तेव्हा मला स्टोअरला लावलं. पथकाचे प्रमुख सुभेदार परब, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "चौथी." ते म्हणाले, "पुरे. वस्तू जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. बाकी मला काही नको."

आम्ही फौजी नव्हतो, पण सुभेदार आम्हाला फौजीच धरत. सकाळी सहाला फॉल-इन, मग इन्स्पेक्शन, मग किनाऱ्यावर गस्त. एक इंजिनाची होडी होती, तिचं नाव रेडिओवर 'होडी वन'. ती हाकणारा तांडेल बस्त्याव आणि इंजिनावर रमाकांत. मी शेडमध्ये स्टोअर सांभाळायची आणि रेडिओ ऐकायची. रेडिओवर बोलायचं काम मात्र मी दुसऱ्यांवर ढकलायची.

सुरुवातीला कोणीतरी मुंबईहून सहा घडीच्या सुऱ्या भेट पाठवल्या. चकचकीत. त्यात बूच काढायचा स्क्रू होता, दात कोरायची काडीसुद्धा होती. ओली नायलॉनची दोरी तेवढी कापली जात नव्हती. सुभेदारांनी त्या कपाटात मांडून ठेवल्या, पाहुण्यांना दाखवायला.

मी मासे विकणाऱ्या घरातली. सुरी कशाला लागते ते मला ठाऊक होतं. लोहाराकडे जाऊन ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या चार सुऱ्या करून घेतल्या. दोन जाड दोरीसाठी, करवतीसारख्या दातांच्या. दोन आखूड, बोथट टोकाच्या, कारण जाळ्यात अडकलेला माणूस हातपाय झाडतो आणि अणकुचीदार टोक त्यालाच लागतं. झुडपं तोडायला एक कोयती घेतली. पाण्याच्या पाइपाचे तुकडे गरम करून, चेपून म्यानं केली. प्रत्येक मुठीला जाळ्याचा तरंगणारा गोळा बांधला. खाऱ्या वाऱ्यात असं पोलाद लगेच गंजतं, म्हणून रोज खोबरेल लावायची.

एवढं करून काय? कोणी सुरी फणस कापायला न्यायचा, कोणी पत्र्याचा डबा फोडायला. दात मोडून परत. मी कुरकुरले की बस्त्याव नवऱ्यावरून चिडवायचा.

"बाये, तुका घोवापेक्षा सुरीची काळजी जास्ती!"

"घोव परत येता. सुरी येणा नाय."

त्याची स्वतःची सुरी मात्र तो कोणाला देत नसे. बापाची होती, शिसवी मुठीची. ती कायम त्याच्या कमरेला असायची.

२००९ ची खंडेनवमी. सुभेदारांनी आदेश दिला की पथकाची सगळी हत्यारं पूजेला बसतील आणि दसऱ्याच्या पूजेपर्यंत कोणी हात लावणार नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, एक होडीत राहू दे."

"फौजेत आमची रायफलसुद्धा पूजेला बसायची."

"सगळ्या रायफली एकदम बसायच्या, साहेब?"

मागून कोणीतरी हसलं. सुभेदार म्हणाले, "आदेश झालाय."

बस्त्याव क्रिस्तांव. त्याला खंडेनवमी नव्हती. तरी त्याने कमरेची सुरी सोडली आणि पाटावर ठेवली. मी म्हटलं, "तुजी कित्याक रे?"

"सगळ्यांची बसतत. माजी एकटीच भायर कित्याक?" त्याने छातीवर क्रूस केला आणि हळद-कुंकवाचं बोट सुरीला लावलं. सगळे खूश झाले.

दुपारी निरोप आला. एका मच्छीमार होडीचं इंजिन बंद पडलं होतं आणि ती खडकांकडे वाहत चालली होती. होडी वन निघाली. समुद्राला उसळी होती. थोड्या वेळाने रेडिओवर रमाकांत बोलला.

"कंट्रोल, होडी वन. होडीखालच्या पंख्यात दोरी गुतली. ओव्हर."

सुभेदार म्हणाले, "होडी वन, दोरी कापा. ओव्हर."

रमाकांतचा आवाज आला, "हत्यारां पूजेक आसत, साहेब. ओव्हर."

मी पाटावरून दातांच्या दोन्ही सुऱ्या उचलल्या. फुलं खाली पडली. कोणीतरी ओरडलं, "गो, हात लावू नको!" मी किनाऱ्यावर धावले. वल्ह्यांची एक होडी पाण्यात ढकलली आणि दोन माणसांबरोबर तिच्यात चढले.

आम्ही पोहोचेपर्यंत बस्त्याव दोनदा होडीखाली गेला होता. हाताने आणि दातांनी दोरी सोडवत होता. दुसऱ्या वेळी लाट आली, होडी उचलली गेली आणि त्याच्या डोक्यावर बसली. रमाकांतने त्याला वर ओढून धरलं होतं. त्याचा श्वास थांबला होता. आमच्या सुरीने ती दोरी चार हिसक्यांत तुटली. वाहत गेलेल्या होडीतल्या माणसांचा नांगर खडकांच्या अलीकडे धरला होता, ती सगळी वाचली.

राग कोणावर काढायचा? सुभेदारांचा येतो. हसणाऱ्यांचा येतो. बस्त्यावचाही येतो. शेजाऱ्यांचं मन राखायला माणूस एवढा चांगला कशाला वागतो?

नंतर पथकाने त्याची सुरी काचेच्या चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावली. वर प्लास्टिकचा हार. येणारे-जाणारे हात जोडायचे. मला मात्र काचेतून गंज दिसायचा. पावसाळ्यानंतर पातं अर्धं तांबडं झालं होतं.

२०१० च्या खंडेनवमीला फॉल-इन झालं. सुभेदार काही बोलायच्या आत मी म्हटलं, "साहेब, ती सुरी माका व्हयी."

त्यांनी चौकट उतरवली, मागचे खिळे स्वतः काढले आणि सुरी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आमच्याकडे सुरी हातातून हातात देत नाहीत. मी ती उचलली आणि दगडावर पाणी घातलं.

रमाकांत म्हणाला, "आज धार लावतंस? आज खंडेनवमी."

"म्हणानच लावतंय."

गंज गेला. खोबरेल लावलं, शिसवी मुठीला गोळा बांधला. रमाकांतने ती होडीत नेऊन खोचली. बाकीची हत्यारं पूजेला बसली.

पथकाचा एकच माणूस गेला, होडी वनचा तांडेल बस्त्याव. चौकट अजून भिंतीवर रिकामी आहे. नवा माणूस आला की विचारतो, इथे काय होतं? मी सांगते, बस्त्यावची सुरी. होडीत आहे.