सत्तावन्नाव्या पानावरची फुली

नोलीन मॅकास्किलचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. कारखान्याची बस सव्वासहाला यायची. मधल्या वेळात ती चूल पेटवायची, चहा करायची आणि वीस पानं वाचायची. एकोणीसच झाली तर विसावं बसमध्ये उभ्याने.

कारखाना मेंढ्या कापण्याचा. मी सुरीवाल्यांच्या रांगेत होतो, ती आतडी धुण्याच्या खात्यात. अठ्ठावीस वर्षं तिचे हात पाण्यात होते. दक्षिण टोकाच्या आमच्या या ओल्या साउथलँड प्रांतात कोरडे हात तसेही फार कुणाला ठाऊक नाहीत.

आमच्या गावात वाचणाऱ्यांची एक रीत आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो वाचनालयाच्या पुस्तकात आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करतो. नोलीनचं पान सत्तावन्नावं. आकड्याखाली टिंब असेल तर पुस्तक चांगलं, फुली असेल तर वेळ वाया. गावातल्या बाकीच्या बायका आधी तेच पान उघडायच्या. फुली दिसली की पुस्तक परत फळीवर.

लिहिणाऱ्याने किंवा दाखवणाऱ्याने मेहनत केली आहे का, एवढंच ती बघायची. एकदा गावच्या हॉलमध्ये खाटकावरचा चित्रपट लागला. सगळा कारखाना गेला. मध्यंतरात ती कोट घालून माझ्या शेजारून उठली.

"एक तास झाला, व्हिक. या माणसाने सुरीला एकदाही धार लावली नाही."

"अगं, प्रेमात पडलाय तो."

"पडू दे. धार लावून पडायचं."

उलट टीव्हीवरची बंदरावरची एक रडकी मालिका तिने शेवटपर्यंत पाहिली. त्यात मासे साफ करणारी बाई बोलता बोलता, सुरी लागू नये म्हणून, बोटाला चिंधी गुंडाळायची. नोलीन म्हणायची, "हिला कुणीतरी नीट शिकवलंय." मला त्या मालिकेत झोप यायची. पण चिंधी मीही बघायचो.

पुस्तकाच्या वाटेला मी कधी गेलो नाही. बसून करायचं काम मला काम वाटत नव्हतं.

कारखाना बंद झाला. निरोपाचे पैसे मिळाले, ते नोलीनने नव्या छपरासाठी बाजूला ठेवले. मागच्या खोलीत तिचं छप्पर गळायचं. पण वर्षं गेली आणि छपराआधी डोळे गेले. मोतीबिंदू, दोन्हीकडे. सरकारी दवाखान्याने सांगितलं, अजून पुरेसे वाईट नाहीत, थांबा. किती, ते सांगितलं नाही.

मी नोलीनला सोबत घेऊन वाचनालयात गेलो, तेव्हा तिथली मेरेआना म्हणाली, "आँटी, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत ना आपल्याकडे."

"ती झाली सगळी वाचून."

मग नोलीनने फळीवरून एक जुनं पुस्तक काढलं, खिडकीशी नेऊन सत्तावन्नावं पान निरखलं, खूण नाही म्हणाली आणि माझ्या हातात दिलं. "तू वाच. तुला कुठे काय काम आहे."

मी शेजारीच राहतो. रोज दहाला तिच्या स्वयंपाकघरात बसायचो. ती चीज रोल भाजायची, मी वाचायचो. गोष्ट एका माणसाची. तो तीनशे पानं दगडी कुंपण रचतो. एवढंच.

"स्वल्पविराम आहे तिथे थांब, व्हिक. त्याने तो उगाच नाही टाकलेला."

"मला श्वास लागेल तिथे मी थांबतो."

"म्हणूनच मेंढरं हाकल्यासारखं वाटतं."

तिसऱ्या दिवशी सत्तावन्नावं पान आलं. आकड्याखाली फुली होती. पुसट, पण तिचीच. तिच्या फुलीचा डावा पाय नेहमी लांब असायचा. तिला ती दिसली नव्हती.

सांगितलं असतं तर पुस्तक त्याच दिवशी परत गेलं असतं. फुली मारलेल्या पुस्तकाला तिने कधी दुसरी संधी दिली नव्हती. मी पान उलटलं आणि वाचत राहिलो.

ती खूश होत गेली. पायाचा दगड बसवताना तो माणूस आधी माती थोपटून बघतो, तिथे म्हणाली, "या लेखकाने दगड उचललेत. पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. दगड मीही उचललेत. खरं होतं ते.

चाळीस पानं उरली तेव्हा तिने हात वर केला.

"बस. हे मी माझं वाचणार."

"कशाने?"

"डनीडन शहरात पैसे घेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करतात. उद्या फोन लावून दे."

"आणि छप्पर?"

"बादली आहे."

मेरेआनाने पुस्तकाची मुदत तीनदा वाढवून दिली. ते माझ्याकडे होतं. पुढचं पान मी उघडलं नाही; अवघड गेलं.

आधी एक डोळा झाला, महिन्याने दुसरा. पट्टी निघाल्यावर तिने शेवटची चाळीस पानं घेतली नाहीत. पहिल्यापासून सुरुवात केली, रोज पहाटे वीस. तिसऱ्या दिवशी साडेसहालाच माझं दार वाजलं. हातात पुस्तक, बोट सत्तावन्नाव्या पानात.

"तुला दिसली होती?"

"दिसली होती."

"आणि बोलला नाहीस."

"कुंपण पुरं होतं का, ते बघायचं होतं."

ती माझ्या टेबलाशी बसली. मी चहा ठेवला. तिने पुस्तक त्या फुलीवर उघडं ठेवलं.

"हे पहिल्यांदा वाचलं त्या हंगामात मी दोन-दोन पाळ्या करत होते," ती म्हणाली. "याने काम नीट केलं होतं. मीच वाचताना झोपत होते, आणि दोष याला लावला. चाळीस वर्षं हे कुणी घरी नेलं नसेल."

माझ्या खोडरबरने तिने फुली पुसली, रबराचा भुगा फुंकला आणि टिंब दिलं. मग म्हणाली की त्या हंगामातल्या आणखी बऱ्याच फुल्या आहेत, त्या सगळ्या पुन्हा वाचाव्या लागतील.

"सगळ्या?"

"न्याय करायचा तर अर्धा करत नाहीत. आणि तू कुंपणाची शेवटची चाळीस पानं आज वाचून टाक, मला उद्या पहाटे हवंय."

आता आम्ही दोघं जुन्या फुल्या वाचतो. सतरा झाल्या. अकरा पुसल्या, सहा तिने तशाच ठेवल्या, त्यातली एक माझ्याशी भांडून.

मागच्या खोलीत बादली अजून आहे. आतडी धुवून मिळालेले निरोपाचे पैसे त्या दोन डोळ्यांत गेले, आणि पहाटेची वीस पानं ती पुन्हा चष्म्याशिवाय वाचते.