उसाच्या कांडक्यांचा डीएनए

पंच्याहत्तर साली ग्लॅडिसबाई न्हावऱ्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. नोकरी अजून कच्ची. ती कायम झाली, तरच दौंडला भावाकडं दिवस काढणाऱ्या आईला त्या इकडं आणू शकणार होत्या. सगळं तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं, आणि साहेब नेमके नव्या अभ्यासक्रमातल्या डीएनएच्या तासाला बसणार होते. बाई स्वतः तो धडा कॉलेजात धड शिकल्या नव्हत्या; पण असलं कुणी बोलून दाखवतं थोडंच!

डीएनएच्या दोन बाजू म्हणून त्यांनी दोन सुतळ्या घेतल्या. साखरेच्या जागी उसाची कांडकी ओवली, दोन कांडक्यांमध्ये फॉस्फेट म्हणून एकेक चिंचोका. प्रत्येक कांडक्याला एक रंगीत चिंधी, तो बेस: अ‍ॅडेनिन लाल, थायमिन पिवळी, ग्वानिन हिरवी, सायटोसिन निळी. साखर, फॉस्फेट आणि बेस मिळून एक न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएची एक वीट. मग तासाला साहेबांसमोर समोरासमोरच्या चिंध्यांची गाठ मारायची. पण लाल पिवळीशीच आणि हिरवी निळीशीच, हे मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. मुलांना फॉस्फेट खताच्या पोत्यावरून ठाऊक, साखर तर रानातच उभी.

तपासणीच्या सकाळी शिपाई सावळारामनं वर्ग सारवायला घेतला. साहेब येणार म्हटल्यावर सारवण हवंच! सामान व्हरांड्यात निघालं आणि त्याच्याच शेळीनं एक अख्खी माळ चिंध्यांसकट फस्त केली. सावळाराम कान धरून उभा राहिला. बाईंना रागवायलाही सवड नव्हती, साहेब फाटकात आले होते.

उरलेली माळ त्यांनी फळ्यावर टांगली. दुसरी बाजू कुठाय, असं साहेबांनी विचारलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची धुरपदा उठली.

"शेळीनं खाल्ली, साहेब. पर तिच्यावाचून अडत न्हाई. हितं लाल हाय, म्हंजी समोर पिवळीच व्हती. हिरवीसमोर निळी. समदी काढून दावते."

तिनं खडू घेतला आणि शेळीच्या पोटातली माळ चिंधी न् चिंधी फळ्यावर उतरवली. पेशीही अशीच एका बाजूवरून दुसरी घडवते, हे मग बाईंच्या तोंडून आपसूक निघालं.

शेरा लिहिताना साहेब हसले. "बाई, दोन्ही माळा असत्या, तर मुलांनी नुसत्या पाहिल्या असत्या."

कायम करावे, असं त्यांनी लिहिलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि दुपारच्या टपालानं दौंडला कार्ड गेलं: आई, नोकरी पक्की झाली. रविवारी तुला न्यायला येते.