गोळीबरोबरचा चहा

कोकमाच्या आगळाचा वास आला की कुडाळचा तो तरुण डॉक्टर आठवतो. बाळंतपणानंतर माझी बायको पांढरीफटक पडली होती. लोहाची गोळी आगळाच्या पाण्याबरोबर घेतली की लोह लहान आतड्यातून रक्तात उतरतं, चहाने ते अडतं, असं त्याने तिला समजावलं. मग उठता-बसता तिचं ‘डॉक्टर म्हणतत’ सुरू झालं. मी आतून जळत होतो. गोळीच्या वेळी मीच रोज चहा करून देऊ लागलो. ती हसून प्यायची. रक्त काही वाढेना. डॉक्टरने विचारलं, “चहा तर घेत नाही ना?” ती म्हणाली, “नाय.” तो खालमानेने गेल्यावर मी विचारलं, “खोटा कित्याक बोललंस?” “तुमी पयल्यांदाच माझ्यासाठी चूल पेटवलात. नको कसा म्हणू?” गाव त्या डॉक्टरला नावं ठेवत राहिलं. आज लिहून ठेवतो, त्याचं औषध चांगलं होतं.