पंचवीस टक्क्यांची यादी

"आडनाव काय हिचं?"

ट्रस्टीसाहेबांनी हे मला विचारलं नाही. मी समोर उभी असताना मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. बाईंनी सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"मग बरोबर. यांच्या हातात झाडू सोडून कॉम्प्युटर दिला की हे असंच होणार."

केबिनमध्ये साहेबांची सून होती, दोन क्लार्क होते, तक्रार घेऊन आलेल्या, शाळेतल्या मुलांच्या सहा आया होत्या. मग मला त्या आयांकडे तोंड करून हात जोडायला लावले.

"म्हण, माझ्या चुकीमुळे मेसेज गेले नाहीत."

मी म्हटलं. शब्दन् शब्द म्हटला. एका शब्दाला अडखळले तर बाई म्हणाल्या, "मोठ्याने." पुन्हा म्हटलं.

डोंबिवलीतल्या त्या इंग्रजी शाळेत मी ऑपरेटर होते. दिव्याहून लोकलने यायची. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या घरात खुर्चीवर बसून करायची नोकरी लागलेली मी पहिली. ती खुर्ची जाऊ नये म्हणून मी कशालाही हो म्हणायची. सुट्टी, परीक्षा, पालकसभा, सगळ्याचे एसएमएस शाळेच्या कॉम्प्युटरवरून पालकांच्या मोबाइलवर पाठवणं हे माझं काम. कितीतरी पालकांकडे बटणाचे फोन होते. त्यांना शाळेची खबर लागायची ती त्या मेसेजवरूनच.

घडलं ते असं. स्नेहसंमेलन शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर होणार होतं. शुक्रवारी दुपारी अचानक ठरलं, ठाण्यातल्या एसी हॉलमध्ये करायचं. मी तसा मेसेज टाइप केला. शनिवारी एकतीस मुलं नटूनथटून बंद शाळेच्या गेटवर उभी. त्यांच्या घरी मेसेज गेलाच नव्हता. त्यात सविताताईंची मुलगी होती. सविताताई स्टेशनरोडला इस्त्रीची टपरी चालवतात. पोरगी दुसरीत. फुलपाखरू होणार होती, पुठ्ठ्याचे पंख लावून आलेली. वॉचमनने ठाण्याचं सांगितल्यावर दोघी धावतपळत हॉलवर गेल्या. तोवर तिचा नाच होऊन गेलेला. दारावरच्या माणसाने वर ऐकवलं, आत जागा नाही.

ती एकतीसच्या एकतीस मुलं पंचवीस टक्केवाली. म्हणजे सरकारी कायद्याने राखीव जागांवर, फी न भरता आलेली. शाळेत त्यांना सगळे असंच म्हणायचे. मीपण म्हणायची. सगळी तीच कशी, हा प्रश्न मला त्या सोमवारी केबिनमध्ये पडला नाही. याची मला आजही लाज वाटते. मला खरंच वाटलेलं, चूक माझी.

म्हणून मी चूक शोधायला बसले. एकतीस नंबर एकेक करून तपासले. कुठे आकडा कमी आहे का, पुढे शून्य लागलंय का. सगळे बरोबर. मराठी मेसेज लांब झाला की तुकडे पडतात, म्हणून मजकूर मोजला. ठीक होता. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात एक शब्द बदलला तरी मोबाइल कंपनी मेसेज अडवते. तसंही नव्हतं. माझ्याच मोबाइलवर पाठवून बघितला. आला. सविताताईंच्या नंबरवर पालकसभेचा पाठवला. पोचला.

शेवटी ज्या कंपनीकडून शाळा एसएमएसची सोय घेते, तिथे फोन लावला. पलीकडच्या मुलाने रिपोर्ट उघडला.

"मॅडम, फेल कुछ नहीं हुआ है. इन नंबरों पे आपने भेजा ही नहीं."

मी जुनी नोंद काढली. आमच्याकडे पालकांच्या तीन याद्या होत्या. प्राथमिक, माध्यमिक आणि पंचवीस टक्के. मी तिन्हींवर टिक केलेली, हे मला पक्कं आठवत होतं. नोंदीत दोनच होत्या. पाठवणाऱ्याच्या जागी माझं लॉगिन नव्हतं. साहेबांच्या सुनेचं होतं. मग आठवलं. शुक्रवारी त्या सूनमॅडम माझ्या टेबलाशी आलेल्या. म्हणालेल्या, "मी पाठवते गं, तू हारांचं बघून ये." मी मेसेज तयार ठेवून, माझं लॉगिन बंद करून बाजारात गेलेले.

बिघाड नव्हताच. तिसऱ्या यादीवरची टिक कुणीतरी विचार करून काढलेली.

आणि ती तिसरी यादी? ती मी केलेली. दोन वर्षांपूर्वी बाई म्हणालेल्या, "पंचवीस टक्केवाल्यांची यादी वेगळी कर." मी कशाला, असं विचारलं नाही. प्रत्येक वर्गातून त्या मुलांची नावं एकेक उचलली आणि बाजूला काढली. माझ्या गल्लीतली आडनावं होती त्यात. मला कुणी ढकललं नव्हतं. छान चहा पीत केलेलं ते काम.

मी त्या नोंदीची प्रिंट काढली.

गुरुवारी साहेबांनी परत बोलावलं. आयांनी शिक्षण विभागात जायची भाषा केलेली, म्हणून पत्र तयार होतं. "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे." खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली नाही. नोंदीची प्रिंट टेबलावर ठेवली. साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सून मात्र हसून म्हणाली, "अगं, हॉल छोटा, त्यात डोनर येणार होते. समजून घे ना. त्या मुलांचं पुढच्या वर्षी करू काहीतरी."

किती सहज बोलली. जास्तीच्या खुर्च्या बाहेर काढल्यासारखी.

मी म्हटलं, "सोमवारी मी हात जोडून खोटं बोलले. आता त्या बायांना खरं सांगणार."

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"उद्या कशाला," मी म्हटलं, आणि प्रिंट उचलून निघाले.

थेट सविताताईंच्या टपरीवर गेले. सगळं सांगितलं. मला वाटलेलं, त्या जवळ घेतील. त्यांनी इस्त्री उभी केली आणि विचारलं, "आमच्या पोरांची यादी वेगळी कोणी केली?"

"मी."

"मग अर्जात तुझंपण नाव लिव."

मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच ऐकलं. बरोबर होतं त्यांचं.

अर्ज मीच टाइप केला. सुनेचं नाव, साहेबांचं, बाईंचं आणि माझं. एकतिसांतल्या नऊ घरांनी सह्या केल्या. बाकीचे घाबरले, पोरांना शाळेत त्रास होईल म्हणून. त्यांना मी दोष देत नाही. शाळेने माझ्यावर माहिती चोरल्याची तक्रार करायची धमकी दिली. दुसऱ्या दोन शाळांनी मला मुलाखतीला बोलावून नंतर फोन उचलले नाहीत. हल्ली कल्याणला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करते.

चौकशी अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा मी जाणार. नऊ सह्यांच्या चार झाल्या तरी जाणार. एकटी उरले तरी. त्यांनी काय केलं ते सांगेन आणि मी काय केलं तेही सांगेन. त्यातला एक शब्दसुद्धा मी मागे घेणार नाही.