ताईच्या दवाखान्याचं मागचं दार

आमच्या ताईकडे वेळ सोडून सगळं होतं. दातांच्या डॉक्टरकीची पदवी होती, वरखाली होणारी खुर्ची होती, हलका हात होता आणि बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेले पेशंट होते. वेळ मात्र नव्हता, कारण तो मोठ्या काकांकडे होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. दवाखाना आमच्याच घरात, तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत. ती खोली मोठ्या काकांच्या वाटणीची. ताई शिकून आली तेव्हा त्यांनी ती आपण होऊन दिली. भाडं नाही, करार नाही. फक्त 'मी दिली' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा हक्क तेवढा राखून ठेवला. घरही त्यांनीच उभं केलेलं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते ते, आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नव्हती.

खोलीला दोन दारं. पुढचं रस्त्यावर उघडायचं. तिथून पेशंट यायचे, बाकावर बसायचे, आणि मी टेबलामागून नाव पुकारलं की आत जायचे. मागचं दार आमच्या स्वयंपाकघरात उघडायचं. तिथून नातेवाईक यायचे. त्यांचं नाव पुकारायची सोयच नव्हती, कारण ते आधीच आत असत.

आत्या यायची ती 'सहज'. मामेभाऊ यायचा ते 'दोन मिनिटांसाठी'. पण काकांची बातच और. ते सकाळी फिरायला जात आणि येताना एखादा दात घेऊन येत, म्हणजे दातासकट माणूस. बागेतल्या कट्ट्यावर कोणी नुसतं तोंड वाकडं केलं तरी काका उठून उभे राहत. "दुखतंय? मग बसलाय काय! आमची पुतणीच आहे. थांबायचं वगैरे काही काम नाही." वेळ ताईचा खर्च व्हायचा आणि मोठेपणा काकांचा वाढायचा. इतका सोपा व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

ताईने काही केलं नाही असं नाही. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या एका शिबिराला ती जाऊन आली. तिथले सर म्हणाले, पहाटे पाचला उठा, जग झोपलेलं असताना तुमचं काम उरकून घ्या. ताई उठायला लागली. पहिला आठवडा छान गेला. मग दवाखान्यातला दिवा लवकर लागतो हे काकांना कळलं, आणि ते फिरायला निघतानाच एकाला आणून बसवू लागले. "आता तर तू रिकामीच असतेस," असं वर.

सरांनी कामांचे चार चौकोन आखायला सांगितले होते: तातडीचं, महत्त्वाचं, आणि असं काय काय. ताईने आखले. काका कुठल्या चौकोनात घालायचे ते मात्र तिला सापडेना. मी सुचवून पाहिलं, तर तिने अशी नजर टाकली की मी माझ्याच चौकोनात परत जाऊन बसलो.

हे असंच चाललं असतं. पण एका दुपारी एक बसड्रायव्हर आले. दाढ आतून सडलेली, तिचं मूळ साफ करायचं होतं. ताईने भूल दिली, दाढ उघडली, निम्मं काम झालं, आणि मागचं दार ढकलून काका आत. बरोबर बागेतले एक मित्र आणि त्यांची कवळी.

"कवळी जरा टोचते यांना. घासून दे, दोन मिनिटांचं काम."

"काका, पेशंट खुर्चीत आहेत."

"मग ते काय पळून जातायत? बसतील बाहेर! काय हो?"

ड्रायव्हरांचं तोंड उघडं होतं, त्यात कापूस होता. त्यांनी जो काही आवाज काढला तो काकांनी होकार म्हणून घेतला. ड्रायव्हर बाहेर माझ्यासमोर बाकावर येऊन बसले. आत कवळी घासली गेली, घालून पाहिली, पुन्हा घासली. मग काकांनी ही खोली कशी बांधली ते मित्रांना सांगितलं. मग आईला हाक मारून चहा मागवला. इकडे ड्रायव्हर आधी गाल चाचपत होते, मग डोळे मिटून बसले, मग बाकाची कड घट्ट धरली. भूल उतरत होती. मी दोनदा आत डोकावलो. दोन्ही वेळा काकांनी मला पाणी आणायला पाठवलं.

ताई त्यांना परत खुर्चीत घेईपर्यंत ते घामाने निथळले होते. पुन्हा भूल, पुन्हा थांबणं. त्यांची संध्याकाळची फेरी बुडाली. जाताना ते ताईला एवढंच म्हणाले, "मॅडम, मी बस मध्येच सोडून कवळी घासायला गेलो असतो, तर?"

शिव्या दिल्या असत्या तर ताई विसरली असती.

दुसऱ्या दिवशी तिने अवजारं उकळून ठेवायचं लोखंडी कपाट माझ्याकडून ढकलून घेतलं आणि मागच्या दाराला लावलं. माझी पाठ धरली, पण दार बंद झालं. मग तिने तोंडी फर्मान काढलं. दुपारी जेवणाआधीचा अर्धा तास ज्यांचं दुखतंय त्यांचा, आधी सांगावं लागणार नाही. बाकी सगळ्यांनी वेळ ठरवून यायचं. "सगळ्यांनी," ती पुन्हा म्हणाली, आणि आमच्या बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

नातेवाइकांत एकच बोभाटा झाला. आत्या म्हणाली, "आता आम्ही बाहेरच्यांसारखं बाकावर बसायचं?" काकू म्हणाली, "डॉक्टर झाली म्हणून काय झालं, हिचे दुधाचे दात मी पाडलेत." आई दोन्हीकडे मान हलवत होती, पण कपाटामागची फट तिनेच आतून कागद चिकटवून बुजवली, हे मी पाहिलंय.

काका मात्र आठवडाभर दवाखान्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आले ते पुढच्या दाराने, दोन नवी माणसं घेऊन. बाक भरलेला होता.

"तिला सांग, काका आलेत."

"दुखतंय का कोणाचं?" मी विचारलं.

"तू काय डॉक्टर आहेस? सांग म्हटलं ना!"

ताईच बाहेर आली, हातात हातमोजे. "काका, कोणाला दुखतंय?"

"दुखत नाही, दाखवायचंय. हे माझे जुने साहेब."

"मग उद्या दुपारी चारला या. वेळ देते."

"मला वेळ देतेस?" काकांचा आवाज चढला. बाकावरच्या लोकांनी आपापले गाल सोडले आणि नीट बसून घेतलं. "अगं, तू उभी आहेस ती फरशी माझी आहे! दार बंद केलंस ते कोणी ठेवलं होतं? कुठलं दार कुठे हवं हे मला शिकवतेस?"

"तुमचं दार चांगलंच आहे, काका. लोकांची दाढ उघडी असताना ते उघडतं, एवढंच."

"असं? मग खोली खाली कर."

साहेब म्हणवले जाणारे गृहस्थ भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईने पाहू लागले.

"कधीपर्यंत?" ताईने विचारलं.

काकांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांना रडणं अपेक्षित होतं, निदान माफी. "या... या महिन्यात!"

"बरं. आत्ता मात्र आत पेशंट आहे." आणि ती आत गेली. यंत्राची घरघर सुरू झाली. त्या घरघरीवर ओरडायला काकांनाही जमलं नाही.

त्या रात्री जेवताना बाबा निरोप घेऊन आले. काका नमतं घेतायत म्हणे. खोली राहू दे, कपाटही राहू दे. फक्त सकाळचा एक तास काकांच्या माणसांसाठी ठेवायचा. "एकच तास गं," बाबा म्हणाले. "त्यांचा मान राहतो, तुझी खोली राहते. एका तासाने तुझं काय जातंय?"

"बाबा, त्या तासात मी कोणाला बघायचं ते कोण ठरवणार?"

"दादाच ठरवतील."

"मग जातोय तो तासच." तिने भात कालवला. "खोली त्यांची आहे, त्यांनी परत घ्यावी. मी भांडणार नाही. पण माझा वेळ त्यांनी मला दिलेला नाही, तो ते वाटणार नाहीत."

"लोक काय म्हणतील?"

"आ म्हणतील. माझ्याकडे आल्यावर सगळे तेच म्हणतात."

आईला ठसका लागला. तो हसण्याचा होता.

पुढच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. लहान, उकाड्याची, पाण्याचा जोर बेताचा. प्लंबरने खुर्चीचे फरशीत गाडलेले बोल्ट काढले तेव्हा काका अंगणात पाठमोरे बसले होते. बाबांनी नळ्यांचं भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि मोठ्या भावासमोरून सरळ चालत गेले. बाबांच्या मानाने हे बंडच होतं. आत्या जिन्याला नावं ठेवत ठेवत पहिल्याच दिवशी वर येऊन वेळ घेऊन गेली.

मधे बरेच दिवस गेले. काल फोन वाजला. मी उचलणार तेवढ्यात नंबर पाहून ताईने तो स्वतः घेतला.

"दाढ हलतेय," पलीकडून आवाज आला. तो मला टेबलापलीकडेही ऐकू आला.

"दुखते का? दुखत असेल तर आज दुपारी या."

"मला दुखत बिखत नाही!"

"मग गुरुवारी चार वाजता."

"मी तुझा काका बोलतोय."

"म्हणून तर फोन मी घेतला, काका. एरवी हाच घेतो."

पलीकडे घसा खाकरला गेला. मग, "येताना बरोबर एकाला आणलं तर चालेल?"

"खुर्चीत एकच तोंड मावतं."

फोन आदळला गेला. ताईने गुरुवारच्या चारसमोर 'काका' असं लिहिलं.

घरात आता पैजा लागल्यात. काकू म्हणते मरेपर्यंत जाणार नाहीत, आई म्हणते पावणेचारलाच जिना चढतील. मी ताईला विचारलं, "आणि नाहीच आले तर?"

तिने हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला. "तर अर्धा तास मला मिळाला. पुढच्यांना बोलाव."