नानाच्या भिंतीतला दगड

पाथरखेड्याला जायचं तर पाचोऱ्याहून डोंगराकडची एसटी धरायची, शेवटच्या फाट्यावर उतरायचं आणि अर्धा तास चालायचं. नदीनं काळा कातळ चिरून खोल घळ केली आहे. पात्रात माणूस उभा मावेल एवढे रांजण पडलेत. काठावर जुनी वेस आणि बारव, खाली पाण्यालगत महादेवाचं दगडी मंदिर. मोबाइलवर फोटो फिरले तशी माणसं येऊ लागली. मीही तसाच गेलो.

वेशीपाशी साठी ओलांडलेली एक बाई उभी होती. पायात पुरुषी चपला, पदर खोचलेला. म्हणाली, "चला, मी दाखवते. मला काही देऊ नका. फक्त शेवटपर्यंत ऐकायचं."

तिचं नाव भागाबाई. माहेर पहूरचं. तिनं मंदिर दाखवलं, रांजण दाखवले, बारवेतलं पाणी अजून कसं गोड आहे ते सांगितलं. मग पुन्हा वर गावात आणलं आणि एका दुमजली घराच्या मागच्या बोळात उभं केलं. गुरांच्या कोठ्याची भिंत होती. तिच्यात एक कोरीव दगड बसवलेला. मृदंग वाजवणारी बाई, डोकं खाली, पाय वर.

"हा मंदिराचा दगड," भागाबाई मोठ्यानं म्हणाली. पलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "योगराज नानानं कोठा बांधायला आणला. माझ्या मालकानं अडवलं, तर त्याला चोर केलं. नाना आतच बसलाय. विचारा त्याला."

आतून कुणी खाकरलं. बाहेर कुणी आलं नाही.

तिचा नवरा झुलाल त्या मंदिराची झाडलोट करायचा. दिवाबत्ती त्याच्याकडेच. बावीस वर्षांपूर्वी नानाचा ट्रॅक्टर पडक्या मंडपाचे दगड भरून नेताना त्यानं पाहिला आणि चारचौघांत टोकलं, "नाना, देवाचं घर मोडून ढोरांचं बांधता?" लोक हसले. नाना हसला नाही. दोन महिन्यांनी गाभाऱ्यातली पार्वतीची मूर्ती गेली. कुणी नेली, आजपर्यंत कळलं नाही. पण मारुतीच्या पारावर गाव जमलं तेव्हा नाना उठला आणि म्हणाला, "किल्ली झुलालकडे असते. मी त्याला पोतं घेऊन जाताना बघितलं."

झुलालला चौकशीला नेलं, आठ दिवसांनी सोडलं. त्याच्याकडे काही सापडलं नाही. पण मंदिराची किल्ली काढून घेतली ती घेतलीच. थोरली मुलगी रूपा, तिचं नशिराबादला ठरलेलं लग्न मोडलं. चोराची पोर कोण करून घेणार? झुलाल घरात बसला. चार वर्षं तो दिवसाउजेडी उंबऱ्याबाहेर आला नाही. मग वारला.

"मी रडले नाही," भागाबाई मला म्हणाली. "मी वाट पाहिली."

डांबरी रस्ता झाला, पाहुणे येऊ लागले, आणि तिला हवं होतं ते मिळालं. ऐकणारी माणसं. ज्यांना नानाचा धाक नव्हता. आलेल्या प्रत्येकाला ती त्या बोळात न्यायची. नानानं दगडावर सिमेंट लिंपलं, तर दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती विळा घेऊन गेली आणि सिमेंट खरवडून काढलं. नानाचा मुलगा हितेंद्र दारात उभा राहून बघत होता. अडवणार कसा? दगड कुणाचा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

एकदा नाना स्वतः तिच्या घरी आला. एकटाच, मागच्या दारानं. म्हणाला, "भागा, चुकनं मनं. माफ कर."

"आठे नही," ती म्हणाली. "जठे म्हना व्हता, तठे म्हन. बठ्ठास्ना समोर."

पारावर, सगळ्या गावासमोर बोलायची नानाची तयारी नव्हती. तो निघून गेला. पुढची दोन वर्षं ती बोळात पाहुणे नेत राहिली.

मग कुणीतरी तिचं बोलणं मोबाइलवर टिपलं आणि ते खानदेशभर फिरलं. नानाच्या नातीचं, पुनमचं, लग्न जमत आलं होतं. तिकडच्या मंडळींनी तो व्हिडिओ पाहिला आणि होकाराचा निरोप थांबवला. हितेंद्र भागाबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

"अक्का, मनी पोरनं लगन मोडी जाई."

"मनी रूपानंबी मोडनंच ना?"

"पुनमनी काय चुक शे?"

"रूपानी काय व्हती?"

पुनम मान खाली घालून कॉलेजला जायची, भागाबाईला 'आजी' म्हणायची. हे सांगताना भागाबाईचा आवाज जरा खाली आला. पण निर्णय बदलला नाही. "बापाले पारावर आन," एवढंच तिनं सांगितलं.

हनुमान जयंतीला मला तिचा फोन आला. "या. साक्षीला या." आलेल्या पाहुण्यांचे नंबर तिनं जपून ठेवले होते. आम्ही अकराजण गेलो. गाव तर होतंच.

नानाला दोघांनी धरून आणलं. ऐंशीचा म्हातारा. तो पुटपुटला.

"आवाज नही उना, नाना," भागाबाई म्हणाली. "परत सांगा."

"झुलालनी चोरी करी नही. मी त्यानं खोटं नाव लिधं."

"तठे मांगे उभा शेत, त्यास्ले ऐकू नही उनं."

तिसऱ्यांदा तो मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं ओरडून बोलला आणि मटकन खाली बसला. बायका रडत होत्या. एक म्हातारा भागाबाईला म्हणाला, "झालं ना आता? सोड." ती सरळ घरी निघाली.

मी मागोमाग गेलो. विचारलं, "अक्का, बरं वाटलं?"

"चार वर्षं माझा माणूस अंधारात बसला," ती म्हणाली. "हा पाच मिनिटं उन्हात उभा होता."

तिकडच्या मंडळींचा होकार आला, पुनमचं लग्न झालं. हितेंद्रनं तो दगड काढून मंदिरात परत ठेवायचं ठरवलं आणि आधी तिला विचारायला आला. दगड परत जावेत म्हणून झुलालचा जीव तुटत असे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ती म्हणाली, "तठेच ऱ्हाऊ दे." हितेंद्रनं ऐकलं नाही. चार माणसं लावून दगड घळीत उतरवला, मंडपात सरळ उभा केला. भागाबाई बघायला गेली नाही.

यंदा दिवाळीनंतर मी मित्राला घेऊन पुन्हा गेलो. ती वेशीपाशी होतीच. मंदिरात तिनं तो दगड दाखवला, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग आम्हाला वर बोळात नेलं. कोठ्याच्या भिंतीत दगडाच्या जागी भगदाड होतं, आतली म्हैस दिसत होती.

भागाबाईनं हातातली काठी त्या भगदाडाच्या कडेवर आपटली आणि तीच गोष्ट मोठ्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आत नानाच्या खाटेची कुरकुर ऐकू आली. तिनं आवाज आणखी चढवला.