ढकललेली अक्षरं

माझी मैत्रीण तिरपी अक्षरं काढते. छपाईची, इटॅलिक. पुस्तकाचं नाव, परका शब्द, कुणाच्या मनातलं बोलणं आलं की पानावर अक्षर तिरपं होतं. तिच्या मामांचा छपाईची अक्षरं बनवून विकायचा धंदा आहे. ती लहानपणापासून मामांकडेच वाढली. मामांच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल तिचं.

मी साहित्य शिकलो. तरी मला वाटायचं, सरळ अक्षर वाकवलं की झालं तिरपं.

"माणूस कलला म्हणजे चालायला लागला का रे?" ती म्हणाली होती.

सरळ अक्षरं तिनं आधीच केली होती. तिरपी पुन्हा पहिल्यापासून काढली. इंग्रजी 'ए'चं छप्पर उडवलं. 'एफ'ला ओळीखाली शेपूट सोडली. टोकांचे सपाट पाय गेले, तिथे लेखणी उचलताना येतं तसं वळण आलं. अक्षरं अरुंद झाली, खेटून बसली.

ही अक्षरं एका इंग्रजी कवितासंग्रहासाठी होती. प्रकाशक नमुना बघायला आले तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी पान ठेवलं. खाली, अक्षरं कुणाची म्हणून, तिचं नाव. तिनं पाहिलं आणि चहाचा घोट परत कपात सोडला.

"मामा, ही माझी नाहीत."

"तुझीच गं. तुझी सरळ अक्षरं कॉम्प्युटरवर जरा ढकलली. तू काय, वरातीमागून घोडं आणणार होतीस!"

"माझी तयार आहेत. कपाटात."

"ती कॉम्प्युटरवर चढवायला वेळ कुणाला आहे? वाचणाऱ्याला काय कळतंय?"

मी पान उचललं. 'ओ' एका अंगानं सुजलेला. सपाट पाय तसेच, लटकलेले. ओळी मावत नव्हत्या. शेवटचे शब्द खाली सांडले होते. पोळीवरची बुरशी एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही, तसं झालं.

"हे शब्द पडलेत खाली," प्रकाशक म्हणाले.

"अक्षर बारीक करू," मामा म्हणाले.

"करा. नाजूक दिसतंय, छान आहे."

मला शिसारी आली. कविता दोघांनीही वाचली नव्हती.

"मग माझं नाव काढा," ती म्हणाली.

"नावावरच तर ही अक्षरं खपणार. अत्तराच्या बाटल्या, मेनूकार्डं, सगळीकडे जातील."

"या घाणीवर माझं नाव नको."

"घाण? ज्या ताटात जेवलीस…"

"ताट मध्ये आणू नका, मामा. अक्षरांचं बोला."

"नाव राहणार. पटत नसेल तर टेबल मोकळं कर."

तिनं केलं. स्वतःची पेनं घेतली. कपाटातल्या कागदांना हात लावला नाही, ते मामांचे. बेसिनवर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

ती दारात पोचली तसा मामांचा आवाज उतरला. "जेवायला तरी ये. मामी वाट बघेल."

"नाव काढलंत की येते."

पुस्तक निघालं. आत तिचं नाव आहे, त्याच ढकललेल्या अक्षरांत. मामी डबा पाठवते. ती खाते, डबा घासून परत पाठवते. घरी जात नाही.